उच्च गणिताचे खवसे सर

एप्रिल संपत आला की कवडू खवसे फळ्यावरचा लाकडी परकार, गुण्या, कोनमापक आणि एक मीटरची पट्टी जुन्या टॉवेलात गुंडाळून मोटरसायकलच्या मागे बांधायचे आणि तिगावला आपल्या घरी न्यायचे. उन्हाळ्यात आमच्या शाळेत लग्नाचे वऱ्हाड उतरते. एका वर्षी वऱ्हाड्यांनी परकाराचा एक पाय चहाच्या चुलीत घातला होता. खवशांनी सुताराकडून नवा पाय बसवून आणला, आणि तेव्हापासून हे सामान उन्हाळ्यात शाळेत ठेवले नाही.

आमच्या प्राचार्या प्रेमलता मॅडम पांढुर्ण्याच्या. बोलायला मोकळ्या. एकदा त्या गेटात उभ्या राहून म्हणाल्या, "खवसे, कागदावर तुम्ही अतिथी शिक्षक. म्हणजे पाहुणे. आणि पाहुणाच घरचं भांडं उचलून नेतो?"

खवसे दोरीची गाठ आवळत म्हणाले, "पाहुणा भांडं घेऊन गेला म्हणजे वापस येते, मॅडम. रिकाम्या हातानं गेलेल्या पाहुण्याचा काही भरोसा नाही."

सगळे हसलो. अतिथी शिक्षकाचे काम एप्रिलअखेर संपते आणि जुलैत पुन्हा बोलावणे येईपर्यंत तो कोणीच नसतो. खवसे असे कोणीच नसलेले उन्हाळे वर्षानुवर्षे काढत आले होते. पण दर जुलैत तो टॉवेल परत यायचा.

आमचे गाव मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीत, रामाकोन्याच्या अलीकडे आहे. शाळा बारावीपर्यंतची. मी तिथे वाणिज्य शिकवतो. खवसे नववी-दहावीचे गणित आणि अकरावी-बारावीचे उच्च गणित शिकवायचे. माझा आणि त्यांचा वर्ग एकाच व्हरांड्यात, मध्ये अर्धवट भिंत. माझ्या वर्गात घसारा चालू असायचा आणि पलीकडून त्यांचा आवाज यायचा.

त्यांच्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली. म्हणून जन्मल्याबरोबर आई कलाबाईंनी त्यांना शेजारणीच्या ओटीत टाकले आणि एक कवडी देऊन परत विकत घेतले. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. मूल आपले नाही, विकतचे आहे, असे दाखवले की मृत्यूची नजर त्याच्यावर पडत नाही म्हणतात. कवडू हे नाव असे पडले. वडील रेल्वेत गँगमन होते. मुलगा छिंदवाड्याला राहून गणितात एम.एस्सी. झाला. कायम नोकरीच्या परीक्षा त्यांनी दिल्या. एकदा भरतीच निघाली नाही, एकदा निघाली तेव्हा वडील दवाखान्यात होते, आणि एकदा काही थोडक्या गुणांनी राहिले. नंतर वयाची अट आडवी आली. लग्न उशिरा ठरले आणि मोडले. मुलीकडच्यांनी विचारले होते, "अतिथी म्हणजे नेमकं काय?" कलाबाईंना ते समजावून सांगता आले नाही.

अकरावी-बारावीचे पुस्तक हिंदीत. मुले घरी वऱ्हाडी बोलणारी. खवसे पुस्तकातले वाक्य एकदा हिंदीत वाचत आणि मग पुस्तक पालथे ठेवत.

"कन्हानच्या काठचं वावर पाह्यलं ना तुमी? तीन बाजूनं धुरा सरळ, अन नदीकडची बाजू वाकडी. पटवारी आला. त्यानं मोजायचं कसं?"

"अंदाजानं, सर," कोणीतरी म्हणे.

"अंदाजानं मोजलं तर तुह्या काकाचं वावर तुह्या बापाच्या नावानं चढीन. पट्ट्या पाड. उभ्या, पातळ. वाकड्या बाजूशी प्रत्येक पट्टीत थोडी चूक राहीन. मंग अजून पातळ पाड. अजून पातळ. चूक कमी होत जाते. पट्ट्या इतक्या पातळ कर की चूक राहूच नये. याले म्हणते समाकलन."

माझी मुले जमाखर्च सोडून तिकडे कान लावीत. मी रागावत नसे. मलाही ऐकावेसे वाटे.

एकदा ते सीमा, म्हणजे लिमिट, शिकवत होते तेव्हा बारावीतला हर्षल उठून म्हणाला, "सर, x जवळ जवळ जाते पर पोचत नाही, म्हणजे तुमच्या पक्क्या नोकरीसारखं?"

वर्ग खो खो हसला. भिंतीच्या अलीकडे माझाही. खवसे पण हसले. म्हणाले, "बराबर समजलास. आता पुढचं सोडव."

हर्षलच्या त्या वर्गात चार मुले होती. त्यांच्यामागची अकरावी रिकामी होती, कारण आदल्या वर्षी दहावीनंतर ज्यांना गणित घ्यायचे होते ती मुले सौंसरला गेली. म्हणजे ही चार मुले बारावी होऊन बाहेर पडली की उच्च गणिताचा वर्ग नवीन अकरावीवर अवलंबून. नवीन अकरावी म्हणजे त्या वर्षीची दहावी. हे साधे गणित खवशांना माहीत नव्हते असे नाही.

त्याच सुमारास दहावीच्या गणिताचे दोन प्रकार झाले होते, बेसिक आणि स्टँडर्ड. पुस्तक एकच, वर्ग एकच. फरक फक्त पेपरात. बेसिकचा पेपर सोपा. पण बेसिक घेऊन पास झालेल्याला अकरावीत उच्च गणित मिळत नाही. शाळांवर निकालाचे दडपण असतेच. प्रेमलता मॅडमनी स्टाफच्या बैठकीत सांगितले की शक्यतो सगळ्यांना बेसिकच द्या, मागच्या दोन वर्षांचे निकाल गणितानेच पाडले आहेत.

खवसे विरोध करतील असे मला वाटले होते. त्यांनी केला नाही. त्यांच्या मनात इंदू होती. इंदू नावाची एक मुलगी दहावीत सगळ्या विषयांत पास आणि गणितात नापास झाली होती. घरच्यांनी पुन्हा बसवले नाही. त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न लावून दिले. ते वऱ्हाड आमच्याच शाळेत उतरले होते, आणि खवसे निकालाच्या कामाला आले तेव्हा नवरीने त्यांना वाकून नमस्कार केला होता.

म्हणून दहावीच्या वर्गात ते म्हणाले, "बेसिक घ्या अन निघून जा. गणितापायी कोणाची शाळा सुटाले नोको. ज्याले पुढं गणित घ्यायचं आहे, त्यानं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मुले एकमेकांकडे पाहत राहिली. खवशांनी सगळ्यांना बेसिक दिले. चंचललाही.

चंचल ही त्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. वडील अनिल बोरगावच्या एका कारखान्यात पाळीने कामाला, आई स्मिता घरी शिवणकाम करते. तिचे काय, असे मी खवशांना तेव्हा विचारले होते. ते म्हणाले, "ते बायो घेईन, सर. हुशार पोट्टी आहे. नर्सिंगले जाईन." आमच्याकडे हुशार मुली बायो घेतात आणि नर्सिंगला जातात. मागच्या कित्येक वर्षांत आमच्या शाळेत एकाही मुलीने उच्च गणित घेतलेले नव्हते. त्यामुळे तिला वेगळे विचारावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

निकाल लागला. दहावीची सगळी मुले गणितात पास झाली. मॅडमनी पेढे वाटले. हर्षलची बारावीही बरी गेली. खवशांनी आपला टॉवेल काढला आणि सामान बांधायला घेतले. मी निकालपत्रके लावत बसलो होतो. तेवढ्यात चंचल आली आणि दारात उभी राहिली.

"सर, अकरावीत मले गणित पाहिजे."

खवसे परकार हातात घेऊन तसेच थांबले. "तू बायो घेऊन राहिली होती ना?"

"मी कुठं म्हटलं?"

"मंग हात काऊन वर नाही केला?"

"कोणीच नाही केला, सर. एकटीनं कसा करू? पोट्टे हसले असते." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमी वावराच्या पट्ट्या शिकवत होते ना बारावीले, मी खिडकीपाशी उभी राहून आयकत होते. डबा खायच्या सुट्टीत मी ग्राउंडवर नाही जायची. मले वाटलं तुमाले माहीत आहे."

"मले कसं माहीत राहीन?"

"तुमी मले विचाराले पाहिजे होतं," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. उदाहरणात पायरी राहिली तर सांगतात तसे.

खवसे खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारले, "मेहनत करशीन?"

मार्ग एकच होता. जूनमधल्या पूरक परीक्षेला बसून गणिताचा स्टँडर्ड पेपर द्यायचा. तो पास झाली की अकरावीत गणित घेता येईल. नियमात ते बसत होते. गावात बसत नव्हते. आमच्याकडे "पूरक आली" म्हणजे नापास झाला. दुसरा अर्थ नाही. पूरक परीक्षेला जाणारा पोरगा त्या दिवशी मागच्या गल्लीने बसस्टँड गाठतो.

अनिल आणि स्मिताबाई दुसऱ्या दिवशी शाळेत आले. खवशांनी त्यांना फळ्यावर लिहून समजावले. अनिल पाळीवरून थेट आला होता, डोळे लाल. तो म्हणाला, "सर, पोट्टी चांगल्या नंबरानं पास झाली अन तुमी तिले पूरकले बसवता? लोकाले काय सांगू?"

"सांगा, स्टँडर्डचा पेपर द्यायला गेली."

"स्टँडर्ड कोणाले समजते, सर? माह्या बायकोलेच अजून समजलं नाही."

"मले समजलं," स्मिताबाई म्हणाल्या. "पर मले समजून काय होते? तिच्या मोठ्या मावशीले समजलं पाहिजे. तिच्या होणाऱ्या सासूले समजलं पाहिजे."

"माय, सासू कुठून आली मधातच?" चंचल म्हणाली.

"येते ना बाई, सासू अशीच येते. न सांगता."

शेवटी अनिलने होकार दिला. पण एक अट घातली. शाळेत गणिताचा वर्ग उघडणार असेल तरच. वर्गच नसेल तर उगाच नाव खराब कशाला करायचे? खवसे म्हणाले, "उघडीन." ते त्यांच्या हातात नव्हते. पण त्या क्षणी त्यांना ते आपल्या हातात आहे असे खरेच वाटत असावे.

मॅडमनी स्पष्ट सांगितले, "एका मुलीसाठी अतिथी शिक्षक मागितला तर वरून मलाच विचारतील. निदान आठ-दहा मुलं आणा. मग मी भांडेन, माझा शब्द."

खवसे भर मे महिन्यात दुपारी घरोघर फिरले. एक दोनदा मीही बरोबर गेलो. अक्षय बरा विद्यार्थी होता. तो ओट्यावर मोबाइल पाहत बसला होता.

"निघालो ना सर आता. परत कायले?"

"पुढं इंजिनिअर होशीन."

"तुमी गणित शिकून काय झाले, सर?" असे अक्षय म्हणाला नाही. त्याचे आजोबा म्हणाले, खाटेवरून, आणि तेही वाईट भावनेने नाही. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. खवसे म्हणाले, "मास्तर झालो." आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, "पक्के?"

त्याच वर्गातल्या दीपालीच्या आईने दार अर्धेच उघडले. म्हणाली, "पास झालेल्या पोरीले नापासायच्या रांगेत बसवू? तुमाले पोरगी असती तर बसवली असती काय, सर?" रस्त्यात खवसे मला म्हणाले, "बराबरच बोलली ते." मग थोडे चालून, "मीच साऱ्याले म्हटलं होतं, बेसिक घ्या अन निघून जा. आता मीच सांगून राहिलो, वापस या."

कोणी आले नाही. चंचल एकटीच उरली.

तिचा अभ्यास शाळेच्या व्हरांड्यात चालायचा, सकाळी, ऊन चढायच्या आत. खवसे तिगावहून यायचे. टॉवेल सोडून परकार, गुण्या काढायचे आणि जाताना पुन्हा बांधून न्यायचे, कारण वर्गात वऱ्हाडाच्या गाद्या पसरलेल्या असत. मी प्रवेशाच्या कामासाठी येत असे. एका सकाळी पाहतो तर फळ्यासमोर पाच-सहा वऱ्हाडी म्हातारे चहाचे कप घेऊन बसलेले आणि खवसे त्रिकोणमिती शिकवताहेत. एक म्हातारा चंचलला म्हणाला, "सांग ना बाई, टॉवर किती उंच?" तिने सांगितले. म्हातारा म्हणाला, "मंग चढायची गरजच नाही!" खवसे हसले. त्या उन्हाळ्यात मी त्यांना हसताना पाहिले ते तेवढेच.

दहावीचे झाले की ते तिला थोडे पुढचेही शिकवत. मी म्हटले, "परीक्षेत नाही ते कशाला?"

ते म्हणाले, "सर, तिच्या डोक्यात ते जाऊन राहिलं. मी थांबवू कसा?" मग हळूच म्हणाले, "हर्षल चांगला होता. पर तो मार्कासाठी शिकला. हे पोट्टी मले उलटं विचारते. काल विचारलं, पट्ट्या पातळ करत गेलो तर शेवटी पट्टी उरतेच कुठं? मी इतकी वर्षं शिकवलं, मले कोणी हे नाही विचारलं."

परीक्षेचे केंद्र सौंसरला होते. अनिलची पाळी होती म्हणून स्मिताबाई तिला घेऊन गेल्या. मागच्या गल्लीने नाही, सरळ रस्त्याने. चंचलचाच हट्ट होता. बसस्टँडवर दीपालीची आई भेटली. "का वं स्मिता, पूरकले नेऊन राहिली का?" स्मिताबाईंनी स्टँडर्ड आणि बेसिक समजावून सांगायला सुरुवात केली. बस आली तेव्हा त्या अर्ध्यावरच होत्या. बसमध्ये खिडकीतून त्यांनी पाहिले, दीपालीची आई दुसऱ्या बाईला काही सांगत होती आणि दोघी बसकडे पाहत होत्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितले. त्या दिवसानंतर गावाला दुसरे काही सांगून उपयोग नव्हता.

जुलैत निकाल आला. चंचल स्टँडर्ड गणितात विशेष प्रावीण्याने पास झाली. खवसे पांढुर्ण्याहून संत्रा बर्फी घेऊन आले. मॅडमसमोर डबा उघडून ठेवला. मॅडमनी एक तुकडा घेतला, खाल्ला, रुमालाने बोटे पुसली आणि म्हणाल्या, "खवसे, मी तीनदा विचारून पाहिलं. एका विद्यार्थ्यावर वर्ग मंजूर होत नाही. नववी-दहावीचं गणित आता बदलीवर येणाऱ्या कायम शिक्षकाकडे जाईल. ऑर्डर निघाली आहे."

म्हणजे वर्गही नाही आणि खवसेही नाहीत. दोन्ही एकाच वाक्यात सांगून झाले.

खवसे म्हणाले, "माझं राहू द्या, मॅडम. पोरीचं काय?"

"सौंसरला आहे ना गणित. पांढुर्ण्यालाही आहे. जाऊ दे तिला."

अनिलला बोलावले. तो यावेळी झोप झाल्यावर आला होता, पण चेहरा तसाच. खवशांनी त्याला सौंसरचे सांगितले. सकाळची बस सुटून गेल्यावर शाळेच्या वेळेला जायला किंवा यायला बस नाही, हे सगळ्यांना माहीत होते.

"माही पहिली पाळी राहिली तर मी तिले गाडीवर सोडीन अन वापस आणीन," अनिल म्हणाला. "दुसऱ्या पाळीले वापस कोण आणीन? एक हप्ता गणित अन एक हप्ता घरी, असं शिकते काय कोणी?"

"मी आणीन," खवसे म्हणाले.

अनिल वाईट माणूस नाही. त्याने खाली पाहिले. "सर, तुमी देवमाणूस आहे. पर लोक अगोदरच म्हणते, पोट्टी नापास झाली, मास्तरानं मागून पास करवली. आता तुमच्या गाडीवर रोज दिसली तर काय म्हणतीन?" मग तो म्हणाला, "तुमी म्हटलं होतं वर्ग उघडीन. मी त्याच्यावर नाव खराब करून घेतलं. आता मले अजून काही नका सांगू."

चंचल दारात होती. ती रडली नाही. "बाबा, मंग बायो?" तिने विचारले.

"बायोच्या सीटा भरल्या," मॅडम म्हणाल्या. "वाणिज्यात जागा आहे. डोंगरे सर शिस्तीचे आहेत."

डोंगरे सर म्हणजे मी. माझा वर्ग त्या वर्षी गच्च भरला होता. बेसिकवाली बहुतेक मुले माझ्याकडेच आली होती.

त्या जुलैत टॉवेल परत आला नाही. ऑगस्टच्या शेवटी, पोळा झाल्यावर, एका रविवारी मी तिगावला खवशांकडे गेलो. दरवर्षी पोळ्यानंतर पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते, त्या दिवसांत रस्ते बंद असतात, म्हणून चार दिवस थांबून गेलो. ते घरी होते. पांढुर्ण्याच्या एका खासगी शाळेत त्यांना काम मिळाले होते, सहावी-सातवीचे गणित. तिथे मुलांना कवडू हे नाव गावंढळ वाटेल म्हणून त्यांना "के. सर" म्हणायला सांगितले होते.

"काय शिकवता?" मी विचारले.

"अपूर्णांक," ते म्हणाले. "फळा चांगला आहे तिथं. पांढरा. खडूचा धुरळा नाही."

कलाबाईंनी चहा आणला. त्या आता वाकल्या आहेत, पण आवाज खणखणीत. "तुमच्या शाळेनं माह्या पोराले काढलं, सर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं राबला. अन एका नापास पोट्टीपायी गेला."

"माय, ते नापास नव्हती," खवसे म्हणाले. हे त्यांनी अनेकदा सांगून झाले असावे, आवाजावरून कळत होते.

"पूरकले बसली ना?"

"बसली. पर पास होती."

"पास झालेलं कोणी दुसऱ्यांदा बसते काय रे, कवडू? मले तू शिकवून राहिला?"

खवशांनी चहाचा कप उचलला. आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहून अवघडातले अवघड सोपे करून सांगणारा माणूस, पण आपल्या आईला एवढे पटवून देणे त्यांनी सोडून दिले होते. कलाबाई मला म्हणाल्या, "हा असाच आहे. लहानपणीही दुसऱ्याची चूक आपल्यावर घ्यायचा."

मी निघालो तेव्हा ते आतून टॉवेलाचे गाठोडे घेऊन आले. "हे शाळेचं आहे, सर. घेऊन जा."

"राहू द्या तुमच्याकडे. पुढच्या वर्षी..."

"नको," ते म्हणाले. "आता हे ठेवलं तर चोरी होईन."

त्यांनी गाठोडे माझ्या गाडीला स्वतः बांधले, तीच गाठ. मग विचारले, "पोट्टी कशी आहे?"

"हुशार आहे. ताळेबंद पहिल्यांदाच जुळवला तिने. मागच्या बाकावर बसते."

"खिडकीजवळ?"

"हो."

"तिले सांगा," ते म्हणाले, आणि थांबले. "नाही, काही नका सांगू. तुमचा विषय चांगला आहे. त्यात मन लागू द्या तिचं."

सोमवारी मी परकार, गुण्या आणि कोनमापक भांडारात ठेवून दिले. पट्टी मात्र वर्गात नेली. वाणिज्यात फळ्यावर खाते आखावे लागते, आणि माझी पट्टी कधीची तुटली होती. मी फळ्यावर उभी रेघ मारली. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मागे वळलो तेव्हा चंचल पट्टीकडे पाहत होती. पट्टीच्या मधोमध खवशांनी कधीतरी निळ्या शाईने एक खूण केली होती, अर्ध्या मीटरची. ती खूण तिला माहीत होती.

मी पुढची रेघ मारली. तिने वही उघडली, आपली लहान पट्टी घेतली आणि बाकीच्या मुलांसारखी खाते आखायला लागली.